चौथ्या प्रश्नापाशी

तेमुकोत जुलै म्हणजे लाकडाचा धूर.
घराघरातल्या शेगड्यांतून निघून
तो गल्लीतच बसून राहतो,
भाडं थकवलेल्या भाडेकरूसारखा.
सकाळी आठला पाळी संपवून मी बाहेर येते,
मास्क उतरवून पहिला मोकळा श्वास घेते
तो या धुराचाच.
गोड लागतो.

लॉकरवर चिकटवलेला कागद आज घरी आणलाय.
'आपलं स्वास्थ्य'. नऊ प्रश्न.
शून्य म्हणजे कधीच नाही, तीन म्हणजे जवळजवळ रोज.

झोपेचा त्रास?
झोप लागते की. झोपेत पंपाची घंटा वाजते,
मी उठून भिंतीवर बटण चाचपडते.
दोन.

भूक?
सातव्या तासाला जिभेवर रबराची चव येते,
पुढे भाकरीलाही तीच.
एक.

चिडचिड?
हे घरच्यांना विचारा.
माझा लाउतारो ताट उंबऱ्यावर ठेवून मागे सरकतो,
परक्या कुत्र्याला तुकडा टाकावा तसा,
आणि दाराआडून विचारतो, मीठ बरोबर आहे?
शून्य लिहिलं. खोडलं.

चौथा:
कामाबद्दल अपराधी वाटतं का?

दोन्या ओर्तेन्सिया, खाट अकरा.
मागावर घोंगड्या विणणारी बाई,
बोटांना रंग इतका मुरलेला
की ऑक्सिजन मोजायची चिमटी फसायची,
शेवटी कानाच्या पाळीला लावली.
नळी घालायच्या आधी तिनं माझ्या छातीवरचं नाव वाचलं.
त्या पोशाखात आम्ही सगळ्या सारख्याच,
म्हणून एदगार्दो मार्करनं नावं लिहितो.
त्या रात्री घाईत माझ्यावर लिहिलं 'रुथ'.
रुथ तर घरी, स्वतःच तापानं फणफणलेली.
मी नोल्फा.
पुसायला वेळ कुणाला होता?

रुथ, ती म्हणाली,
मी जागी होईन तेव्हा तू असशील ना?
असेन, म्हणाले.
एवढंच. बाकी औषधानं केलं.

सोळा दिवस.
रोज पाच जण मिळून तिला पालथी घालायचो, पुन्हा उताणी.
डोक्याशी एदगार्दो, नळी सांभाळत, हळू मोजायचा, एक, दोन,
कडेवरचं पोर उठेल की काय अशा आवाजात.
तिच्या गालावर उशीचा वळ, माझ्या गालावर मास्कचा.
मी तिच्या केसांची वेणी घातली
आणि ते कुठल्याही तक्त्यात लिहिलं नाही.

सतराव्या दिवशी मला दुसऱ्या मजल्यावर हलवलं.
अठराव्या दिवशी ती जागी झाली.
हो, जगली. सगळ्यांना वाटतं गोष्ट इथेच संपते.

जागी झाल्यावर तिनं विचारलं, रुथ कुठाय?
रुथ नुकतीच कामावर परतली होती.
तिनं या बाईला कधी पाहिलेलं नव्हतं.
क्षणभर घुटमळली म्हणे,
मग हातमोज्यातला हात पुढे करून म्हणाली,
हो, मीच.

हे मला तिनंच सांगितलं, कपडे बदलायच्या खोलीत,
बाकड्यावर अर्ध्या मोज्यात पाय घालून.
तू चिडलीस?
छे.
आणि मग मी इतकी रडले
की तिला एक पाऊल मागे घ्यावं लागलं,
अंतर पाळायचं म्हणून.

याला कुठला आकडा?

गुरुवारी पडद्यावरच्या बाईंनी शिकवलं:
चार मोजत श्वास घ्या, चार मोजत सोडा.
मायक्रोफोन बंद ठेवून आम्ही हसलो.
रात्रभर मशीनवर दुसऱ्यांचे श्वास लावतो आम्ही,
मिनिटाला वीस, बावीस.
तरी घरी येऊन गुपचूप करून पाहिलं.
तीनपर्यंत पोचले.

कागद अजून टेबलावरच आहे.
लाउतारोनं त्यावर मिठाची बरणी ठेवलीय.

संध्याकाळी पोशाख चढवला, चेन गळ्यापर्यंत ओढली,
एदगार्दोनं मार्करचं टोपण दातांनी उघडलं.
नाव? त्यानं विचारलं,
नऊ वर्षांची ओळख असून.